बिनबटणाचा डबा

१

"डब्यात बटण नसलं तर औषध घ्यायचं नाही. कोणी काहीही सांगो, डबा आला तसा परत करायचा."

सोनाळ्याच्या अंगणवाडीच्या ओट्यावर, औषधाच्या खेपा पाठवणाऱ्या ऋत्विकनं हे एकदा नाही, तीनदा सांगितलं होतं. मनाली तेव्हा लेकीच्या, संबोधीच्या वेणीला रिबन बांधत होती. तिनं मान हलवली, गाठ मारली, संपलं.

मग मे महिन्यातल्या त्या मंगळवारी औषधाचा निळा डबा जीपनं दोन तास उशिरा आला. छाया सिस्टरनं झाकण उघडलं, तर बटणाची खोबण रिकामी.

"पडलं असन कुठी रस्त्यात," सिस्टर म्हणाली. "काय करू? धाडू का परत?"

रांगेत सगळ्यात पुढं मनालीच उभी होती. घरची बाटली तळाला गेलेली. "बटण काय टोचायचं हाय का पोट्टीले? औषध तर आलं ना. द्या मले."

मागच्या बाया हसल्या. चार बाटल्या चार घरी गेल्या.

शुक्रवारी सकाळी संबोधीला हाक मारली, तर तिनं डोळे उघडले पण ओळख दिली नाही. श्वास असा चाललेला, जशी कोसभर धावत आली आहे. तोंडाला सडक्या केळ्याचा वास. मनालीला तो वास माहीत होता. दोन वर्षांपूर्वी, पोरीच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही असं कळलं त्या दिवशीही हाच वास होता. तेव्हापासून सहा वर्षांच्या त्या जिवाला रोज दोन सुया. एकही चुकवली नव्हती.

नवऱ्यानं, संघपालनं मोटरसायकल काढली. पोर मधे धरून दोघं संग्रामपूरला आले. तिथल्या खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, आपल्याकडचं इन्सुलिन सुरू केलं आणि मग मनालीकडं वळले.

"औषध उन्हानं मेलंय. घरी कुठं ठेवता?"

"माठात. ओलं पोतं गुंडाळून. फ्रीज नाही आमच्याकडं."

"माठात!" डॉक्टरांनी ते कागदावर लिहिलं. लिहिताना मान हलवत होते.

मागून पहिल्या जीपनं आलेल्या सासूबाई, बेबीताई, दारात उभ्या होत्या. "शिकलेली सून आनली म्हनत होतो आम्ही," त्या कोणाकडंही न पाहता बोलल्या. "कालेजात काय शिकवलं मंग हिले? लेकराचं औषध सांभाळता येत नाई."

मनालीच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. माठ दोषी असेल तर पाप तिच्या एकटीचं. पण माठ दोषी नसेल, तर त्याच डब्यातल्या आणखी तीन बाटल्या तीन लेकरांना टोचल्या जात होत्या. आज. आत्ता.

२

काळजी करणाऱ्या बाईच्या पिशवीत काय नसतं? मनालीच्या पिशवीत ओल्या फडक्यात दोन बाटल्या होत्या. एक मंगळवारची. दुसरी आधीची, तळाला चार थेंब उरलेली. अडीअडचणीला असावी म्हणून ती टाकून दिली नव्हती.

व्हरांड्याच्या कठड्यावर तिनं दोन्ही बाटल्या तळहातांत घोळवल्या आणि शेजारी ठेवल्या. हे इन्सुलिन दुधासारखं पांढरं असतं. घोळवलं की एकसारखं होतं आणि बराच वेळ तसंच राहतं. जुन्या बाटलीतले थेंब तसेच राहिले.

नव्या बाटलीकडं ती पाहत राहिली. मोबाइलच्या घड्याळात पाच मिनिटं झाली नसतील, वर पाणी आणि खाली पांढरा गाळ. काचेला आतून बारीक कण चिकटलेले, रव्यासारखे. तीन दिवस सुई भरण्याच्या घाईत ती हे बघायला थांबलीच नव्हती.

"आई, हे पाहा." तिनं बेबीताईंना बोलावलं. "ही जुनी वीस दिवस आपल्या माठात होती. चांगली हाय. नवी तीन दिवस होती. तोच माठ, तेच ऊन. मंग माठानं एकीले मारलं अन् एकीले सोडलं?"

बेबीताईंनी बाटली उजेडाकडं धरली. "मंग घरी यायच्या आंधीच मेली म्हन ना," त्या म्हणाल्या. "पोट्टीजवळ मी अन् संघपाल बसतो. तू जाय. पाय, कोनं मारलं ते."

मनालीनं डॉक्टरांना गाळ दाखवला. त्यांनी चष्मा वर केला. "बाटली खराब आहे, ते मी आधीच सांगितलं. कशानं, ते शोधत बसू नका. मुलीकडे लक्ष द्या."

तिनं सिस्टरला फोन लावला. "छायाताई, मंगळवारच्या बाटल्या कोणाकोणाले देल्ल्या?"

"एक तुले. एक शिंप्याच्या मुलीले, एक वरच्या आळीतल्या दहावीच्या पोराले. अन् एक नारायणरावच्या नातीले, संजीवनीले. काऊन वो?"

"त्या टोचू नका म्हणून सांगा त्याहिले. आत्ता जा."

"अशी कशी सांगू? वरून विचारतीन, कोन म्हन्लं. तुह्या माठाचं खापर माह्या डोक्यावर?" सिस्टर घाईनं पुढं बोलली. "म्या फ्रीजमधे ठेवलीबी नाई, हातोहात वाटली. माह्याकडे काई झालं नाई. पुरावा आन, मंग सांगतो."

फोन बंद झाला.

३

ऋत्विकची खोली जवळच होती. भिंतीवर नकाशा, त्यावर रंगीत दोरे. औषधं माणसापर्यंत कोणत्या वाहनानं, किती वेळात, किती गार पोहोचतात, हा त्याच्या संशोधनाचा विषय. शहरात औषधं थंडगार गाडीतून फिरतात. पण जिथं तशी गाडी जात नाही, तिथं रोजची काळीपिवळी जीप तेच काम करेल का? गार केलेल्या चार पिशव्या, निळा डबा आणि नाण्याएवढं बटण. बटण दर मिनिटाला डब्यातला गारवा टिपतं. औषधाला दोन ते आठ अंश लागतात. त्याबाहेर गेलं की लाल दिवा लागतो, टीं टीं आवाज येतो. आठ महिने सगळं सुरळीत चाललं होतं, आणि त्यामुळं सोनाळ्यातल्या चार आयांची दर महिन्याची फरपट वाचली होती.

"मॅडम, इथून निघालं तेव्हा औषध चांगलंच होतं." त्यानं फ्रीजमधून एक बाटली काढली. "प्रत्येक खेपेतली एक मी मागं ठेवतो. ही त्याच खोक्यातली."

मनालीनं ती घोळवून टेबलावर ठेवली. पाच मिनिटं. दहा मिनिटं. दूध ते दूधच.

"मग रस्त्यातच घडलं," ती म्हणाली. "आणि बटण नाही हे तुम्हाला बुधवारीच कळलं असणार. रिकामा डबा परत आला तेव्हा. गप्प का बसलात?"

ऋत्विकचे कान लाल झाले. "जीपवाले इंद्रभानभाऊ म्हणाले, पडलं असेल. मला वाटलं एका खेपेची नोंद गेली. चार महिन्यांत माझा प्रबंध द्यायचा आहे. एवढ्यासाठी सगळं थांबवलं असतं तर..."

"तर माझी पोरगी बोलत असती."

तो खाली बसला. मनालीला त्याची दया आली नाही. पण एक गोष्ट तिनं मनाशी नोंदवली. बटण यानं लपवलं असतं, तर यानं ही चांगली बाटली तिच्या हाती दिलीच नसती. त्या बाटलीमुळंच तर त्याच्या जीपच्या वाटेवर दोष येत होता.

"डबा दाखवा."

डबा कोपऱ्यात होता. धुतलेला नव्हता. आत झाकणाच्या सांधीत काहीतरी पांढरं वाळून बसलेलं. मनालीनं छाया सिस्टरला पुन्हा फोन लावला. "ताई, एकच सांगा. डबा उघडला तेव्हा आत काय होतं?"

"काय म्हंजे? बर्फ होता ना वो! मस्त गार होतं सारं. बाटल्या अश्या चिकटल्या होत्या बर्फाले का चमच्यानं उचकटून काढल्या म्या."

ऋत्विकनं सुटकेचा श्वास सोडला. "बघा! बर्फ होता. म्हणजे गरम झालंच नाही. रस्त्याचाही दोष नाही."

मनालीनं डबा पुन्हा पुढं ओढला. "तुम्ही डब्यात बर्फ घालता?"

"नाही. फक्त गार पिशव्या."

"मग दोन तास उशीर झालेल्या गाडीत, चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात, बर्फ आला कुठून? आणि वितळला का नाही?"

तिनं सांधीतलं पांढरं नखानं खरवडलं आणि जिभेवर ठेवलं.

४

मीठ.

मेहकरच्या कॉलेजातली रसायनशास्त्राची प्रयोगशाळा तिला आठवली. बीकरमधे बर्फ, वरून मूठभर मीठ, आणि थर्मामीटरचा पारा शून्याच्या खाली खाली चाललेला. त्या वर्षी तिनं लग्न ठरलं म्हणून शेवटचा पेपर रडत लिहिला होता. पण पारा खाली जाताना पाहिलेला विसरली नव्हती. नुसत्या बर्फाहून मीठ घातलेला बर्फ फार गार.

"गरम नाही झालं," ती म्हणाली. "गोठलं."

ऋत्विक उभा राहिला. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी कामाचं राहत नाही, हे त्याला सांगावं लागलं नाही. भिंतीवर त्यानंच लावलेलं चित्र होतं, तेच त्यानं सगळ्या जीपवाल्यांना दिलं होतं. एक मोठा लाल सूर्य आणि त्यावर फुली. थंडीचं चित्र कुठंच नव्हतं.

जीप थांब्यावर इंद्रभान आपल्या काळीपिवळीची काच पुसत होता. काचेवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं: 'औषधाची गाडी'. संबोधीची बातमी त्याला लागली होती. मनालीला पाहून त्याचा फडक्याचा हात थांबला.

"वहिनी, पोरगी कशी हाय?"

"मंगळवारी उशीर काऊन झाला, इंद्रभानभाऊ?"

"पंक्चर. स्टेपनीबी बसलेली. लिंबाखाली थांबलो." तो घाईघाईनं म्हणाला. "पन डब्याले हात नाई लावला कोनी. आईची आन."

"आईची आन नका घेऊ. मी सांगते काय झालं." मनालीचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "उन्हात पिशव्या तापल्या. बटण ओरडाय लागलं. गाडीत कोणीतरी होतं, ज्याच्याजवळ बर्फ होता, अन् बर्फासोबत जाडं मीठबी होतं. बर्फात मीठ कोण घालते, भाऊ? मासेवाला नाही आपल्या रस्त्यावर. लग्नाचा महिना हाय. कुल्फीवाला होता ना गाडीत?"

इंद्रभाननं फडकं खांद्यावर टाकलं. तोंड दुसरीकडं केलं. थांब्यावरच्या दोघा-तिघांनी गप्पा थांबवल्या.

"होता का नव्हता? माझ्या लेकराशिवाय अजून तीन हायत. तुम्ही गप बसलेल्या घडीघडीले एकेक सुई जाऊ राह्यली त्यांच्या अंगात."

"होता," इंद्रभान म्हणाला. "कडूबा होता."

५

कडूबाचं घर थांब्यामागच्या गल्लीत. दारात लाल फडक्यात गुंडाळलेला रिकामा मटका पालथा घातलेला. साठीचा माणूस, हाताची बोटं बर्फानं कायमची सुरकुतलेली. इंद्रभान, ऋत्विक आणि मनालीला एकत्र पाहून तो हसतच उठला. "या बाप्पा! कोन्या लग्नाची आर्डर?"

मग सगळं ऐकलं, आणि हसू तसंच चेहऱ्यावर वाळून गेलं.

"थे यंतर कोकलू राह्यलं होतं ना जी," तो म्हणाला. "इंदरभान म्हने, लेकराहिचं औषध हाय, तपून राह्यलं, काई कर. म्या म्हन्लं माह्याजवळ बर्फ हाय. टाकला. थे चूप बसलं. आम्हाले आनंद झाला."

"मग?"

"मंग घडीभरानं पुन्हा कोकललं. आम्हाले वाटलं, पुन्हा तपलं. नुसता बर्फ काय करते? मिठाबिगर गारवा धरत नाई. म्हून मीठ टाकलं. तरी कोकले. पुन्हा टाकलं." त्यानं दोन्ही हात पुढं केले. "अर्धं मीठ माह्या मटक्यातलं देल्लं म्या. लग्नातली कुल्फी पातळ झाली, शिव्या खाल्ल्या. लेकराचं औषध होतं ना जी."

"आणि बटण?"

इंद्रभाननं मान खाली घातली. "सोनाळा जवळ आला तरी चूप बसेना. सिस्टरनं लाल दिवा पाह्यला असता तर गाडी माह्या हातची गेली असती. थ्या काचेवरच्या अक्षराइनं गावात मले मान हाय. म्या काढलं अन् कडूबाले देल्लं. म्हन्लं, मटक्यात टाक, गार झालं का बसन चूप."

कडूबाची बायको आतून ज्वारीची कोठी उपसून बाहेर आली. चिंधीत गुंडाळलेलं बटण तिनं मनालीच्या हातात ठेवलं. "तीन राती झोपू देल्लं नाई मेल्यानं. कोठीत गाडलं, तरी टीं टीं."

ऋत्विकनं ते फोनला लावलं. पडद्यावर मंगळवारची रेघ उमटली. पाच अंश. पंक्चरच्या वेळी नऊ. फक्त नऊ, आणि तेही बारा मिनिटं. त्यानं औषधाला काहीसुद्धा झालं नसतं. मग सात, पाच, तीन, आणि आवाज बंद. इथंच दोघांना आनंद झाला होता. मग एक अंश, आणि पुन्हा आवाज. मग शून्याखाली. उणे सहा. उणे अकरा.

"दोन्हीकडे एकच आवाज ठेवला मी," ऋत्विक म्हणाला. "तापलं तरी तोच, गोठलं तरी तोच. मला वाटलं, आपल्याकडे मे महिन्यात गोठणार काय?"

कोणी कोणाला शिवी दिली नाही. त्यापेक्षा शिवी दिलेली बरी असती. इथं लेकरांचा जीव घ्यायला निघालेला माणूस नव्हताच. होते ते सगळे जीव वाचवायला धावलेले. आणि एक आई, जिनं खोबण रिकामी दिसत असताना हात पुढं केला होता.

रेघेचा फोटो छाया सिस्टरला गेला. अर्ध्या तासानं तिचा फोन. यावेळी ती धावतच बोलत होती. शिंप्याच्या मुलीची बाटली अजून फोडलीच नव्हती. दहावीचा पोरगा दोन दिवसांपासून पाण्याच्या घागरी रिकाम्या करत होता. त्याला रिक्षात घातलं.

"अन् संजीवनी?" मनालीनं विचारलं.

सिस्टर धापा टाकत नारायणरावांच्या अंगणात शिरत होती.

"ताई, संजीवनी?"

६

सिस्टरनं फोन हातात दिला तसे नारायणराव बोलू लागले. कानानं कमी ऐकायचे, म्हणून ओरडून बोलायचे. "गेली ना वो थे! बुधवारीच गेली. मामा आल्ता. भट्टीवर इटा थापाले नवरा-बायकोच्या जोड्या पाह्यजेत म्हने. मामा-मामी गेले, पोट्टीले सोबत नेलं. शाळेले सुट्टी हाय म्हून."

"कोणती भट्टी, आजोबा?"

"मेहकरच्या तिकडे म्हने. नाव नाई सांगतलं. औषध नेलं ना तिनं, मोठ्या इमानानं नेलं. ओल्या फडक्यात बांधून. मीच बांधून देल्लं." आणि मग आवाज एकदम खाली आला. "काऊन? काई झालं का?"

मामाचा फोन बंद. दुपारी बंद, रात्री बंद. मेहकरला मनालीचं माहेर. तिचा भाऊ सागर मोटरसायकल घेऊन निघाला. संध्याकाळपर्यंत सात भट्ट्या झाल्या. शनिवारी आणखी अकरा. ऋत्विकनं नकाशावरचे दोरे काढून टाकले आणि भट्ट्यांच्या खुणा करायला घेतल्या. इंद्रभान गाडी घेऊन तिकडंच गेला, सोबत कडूबा. पोलिसांनी वर्णन घेतलं. भट्टीचं नाव नाही, भट्टीचं गावही नाही. नऊ वर्षांची पोर, एवढंच.

शनिवारी दुपारी संबोधीनं डोळे उघडून आजीला ओळखलं. बेबीताईंनी मनालीला हाताला धरून खाटेजवळ बसवलं. "बस आता घडीभर. तुही पोरगी वाचली."

मनाली बसली. पोरीचा हात हातात घेतला. सलाईनची सुई टोचलेला, थंड, पण तिचाच. आणि तिच्या मनात आलं, कुठल्यातरी भट्टीच्या झोपडीत अजून एक बाई रोज दोन वेळा, एकही न चुकवता, मोठ्या इमानानं सुई भरत असेल. भाचीचा श्वास का चढलाय, ते तिला कळत नसेल. ऊन लागलं म्हणून डोक्यावर कांदा चोळत असेल.

तिनं एका हातानं मोबाइल काढला आणि लिहायला घेतलं. ते सगळ्या ग्रुपांवर गेलं. जसं लिहिलं, तसंच ते इथं आहे.

*मेहकरच्या भोवती, लोणारकडं, चिखलीकडं, जिथं कुठं तुम्ही राहता, तिथं जवळपास वीटभट्टी असेल. रोज तिच्यावरून जाता-येता. तिथं नऊ वर्षांची एक मुलगी आहे, संजीवनी नावाची. मामा-मामीसोबत आली आहे, संग्रामपूरकडून. अंगानं बारीक. फार पाणी मागत असेल, सारखी लघवीला जात असेल, निपचित पडली असेल. श्वास जोरात चालत असेल आणि तोंडाला सडक्या फळाचा वास येत असेल. तिच्याजवळ ओल्या फडक्यात काचेची छोटी बाटली आहे. ते औषध मेलेलं आहे. मामीवर रागवू नका, तिची चूक नाही. मुलीला उचला आणि जो सगळ्यात जवळ असेल त्या मोठ्या दवाखान्यात न्या. इन्सुलिन लागणारं लेकरू आहे, बाटली गोठली होती, एवढं डॉक्टरांना सांगा.*

*भट्टीमालकाला फोन करून विचारू नका. तो म्हणेल, असं कोणी नाही इथं. मुलं हजेरीत नसतात.*

*स्वतः जा. झोपड्या मागच्या बाजूला असतात. प्रत्येक झोपडीत वाकून बघा.*